स्टॅबिलायझरने दिलेली तार

आधीच सांगून टाकते, या सदरात लिहायची माझी लायकी नाही. दारावर टांगलेली लिंबू-मिरची दिसली की मिरची ताजी आहे का ते बघणारी मी बाई. अमावास्येला घर बदललं, मांजर आडवं गेलं तर त्याला आधी जाऊ दिलं आणि मग पुढे गेले. इथले अनुभव मी आवडीने वाचते, पण निम्म्यांच्या खाली मनातल्या मनात 'उंदीर असेल' असा शेरा मारून मोकळी होते. माझ्याकडेही एकच गोष्ट आहे... आणि तिथे उंदीर काही केल्या बसत नाही. इतकी वर्षं बसवून बघतेय.

साल अठ्ठ्याऐंशी, एप्रिल महिना, मंगळवार. जागा नागपूर, लकडगंज. एका लाकडाच्या वखारीच्या वरच्या मजल्यावर आमच्या कंपनीची ब्रँच होती. ब्रँच म्हणजे दोन खोल्या. एकीत टेबलं आणि पाण्याचा माठ, दुसरीत काचेच्या पार्टिशनमागे युनिक्सचं मशीन, म्हणजे कंप्युटर, लहान फ्रीजएवढा, आणि त्याला जोडलेले तीन टर्मिनल. मशीनला एसी, आम्हाला पंखा. खाली दिवसभर आरा मशीन लाकूड कापायची, त्यामुळे व्होल्टेज सारखं वरखाली व्हायचं आणि कोपऱ्यातला स्टॅबिलायझर कट्ट-कट्ट करत राहायचा. नव्या माणसाला त्या आवाजाने डोकेदुखी व्हायची. आम्हाला तो ऐकू येणंच बंद झालं होतं.

मी तेव्हा सत्तावीस वर्षांची. त्या ब्रँचमधली एकटी बाई आणि, उगाच नम्रपणा कशाला, तिथली सगळ्यात चांगली प्रोग्रामर. माझ्यासोबत प्रकाश ठवकर होता. हा सक्करदऱ्याला आमच्याच गल्लीत राहायचा, शाळेपासूनचा ओळखीचा, म्हणून ऑफिसातही आमचं बोलणं गल्लीतलंच असायचं.

काम होतं कन्हानकडच्या सात खाणींचं. कोणत्या पाळीला किती माणसं खाली उतरली, किती वर आली, याची यादी काढून देणारे प्रोग्राम. प्रत्येक खाणीची पाळी वेगळी, नोंदी वेगळ्या, म्हणून सात प्रोग्राम. खाणींची खरी नावं मी तेव्हाही फाइलींना दिली नव्हती. संत्रा, बोर, पेरू, चिंच, आवळा, कवठ आणि जांभूळ अशी माझी नावं होती. ठवकरने त्यावरून मला महिनाभर 'फळवाली' म्हणून चिडवलं.

आता थोडं तांत्रिक सांगावं लागेल, पण घाबरू नका, माझ्या आईला समजलं होतं. हे सातही प्रोग्राम बनवायला 'मेक' नावाचा एक प्रोग्राम असतो. कशापासून काय बनवायचं ते 'मेकफाइल' नावाच्या एका फाइलीत लिहून ठेवायचं. मेक ते वाचतो. पण वाचून स्वतः काही करत नाही. तो ते हुकूम 'शेल' नावाच्या दुसऱ्याच्या हातात देतो आणि खरं काम शेल करतो. एवढं लक्षात ठेवा, बाकी सगळं यातूनच आलं.

मी आधी मेकफाइलीत एकच मजकूर सात वेळा लिहिला होता, फक्त फळाचं नाव बदलून. मार्चमध्ये मुंबईचे साहेब बघायला आले, तेव्हा चिंचेच्या जागी माझ्याकडून पेरूच राहून गेला होता आणि एक खाण दोनदा बनली, एक बनलीच नाही. साहेब ओरडले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "सात वेळा तेच लिहिणं हे काम नाही, ही नक्कल झाली. पुढच्या महिन्यात येईन. तेव्हाही हेच दिसलं, तर इथलं काम मुंबईला नेऊ आणि ही जागा सोडू. ज्यांना यायचंय त्यांनी मुंबईला यावं."

ज्यांना यायचंय त्यांनी यावं! मला जाता येत नव्हतं. नोव्हेंबरमध्ये माझ्या बाबांना झटका आला होता. उजवी बाजू गेली, वाचा गेली. समजतं किती तेही डॉक्टर नक्की सांगत नव्हते. सकाळी त्यांना अंघोळ घालून, भरवून मी निघायची आणि संध्याकाळी परत. मी एकुलती एक, आई एकटी त्यांना उचलू शकत नव्हती. म्हणजे ब्रँच बंद झाली की माझं हे काम संपलं. नागपुरात दुसरीकडे असं मशीनच नव्हतं मला देणारं. आणि मला ते काम फार आवडायचं हो. इतकं आवडायचं की जेवताना शेजारी वही लागायची.

बाबांबद्दल सांगायलाच हवं. ते तार ऑफिसात होते, एकतीस वर्षं. साउंडर म्हणजे तारेचं ते पितळी यंत्र. त्यावर टक आणि टॉक असे दोनच आवाज येतात आणि दोघांमधल्या अंतरावरून आखूड डॉट की लांब डॅश ते ओळखायचं. लोक त्याला कडकट्ट म्हणायचे. बाबा एका कानाने तार घ्यायचे आणि दुसऱ्या कानाने साहेबाचं बोलणं ऐकायचे. मी आठ वर्षांची असताना उन्हाळ्याच्या सुटीत त्यांनी स्टीलच्या वाटीवर चमच्याने मला मॉर्स, म्हणजे तारेची लिपी, शिकवली. पाठवायला नाही, आधी फक्त घ्यायला. "पाठवणं कोणालेही येते. घेता आलं पाहिजे," म्हणायचे. शाबासकी द्यायचा त्यांचा स्वभाव नव्हता. चूक झाली की पुन्हा पाठवायचे, बरोबर घेतलं की वाटी ठेवून उठायचे. एवढंच.

आणि त्यांचा हात मी हजारात ओळखला असता. तारवाल्यांमध्ये प्रत्येकाचा हात वेगळा असतो, अक्षरासारखा. बाबांचा O लंगडा होता. तीन डॅशपैकी तिसरा ते जरा जास्तच लांबवायचे. कशामुळे, तर नोकरीच्या सुरुवातीला एक कडक सुपरवायझर त्यांचा O तोकडा म्हणून रागावला होता, तेव्हापासून.

मला ही नोकरी लागली तेव्हा ते धडधाकट होते. मी मशीनचं सगळं वर्णन केलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "तू लिवतं, मशीन वाचते. बरं. मंग मधात कोण बसते?"

"मधात कोणी नाही बसत, बाबा."

"असं होत नाही," म्हणाले आणि पेपर उघडला. मला तेव्हा हसू आलं होतं.

तर तो मंगळवार. साहेब दुपारी तीनला येणार होते. मी सकाळी अकराला एक नवीन मेकफाइल लिहायला घेतली. विचार सरळ होता. सातही नावं एका ओळीत वर लिहायची, त्या यादीला KHANI म्हणायचं, आणि खाली एकच लूप लावायचा. यादीतलं एकेक नाव घे, त्याला khan म्हण, त्याचा प्रोग्राम बनव, पुढचं घे. ही तीच ओळ, आजही पाठ आहे:

for khan in $(KHANI); do cc -o bin/$khan $khan.c; done

डॉलरची खूण म्हणजे 'या नावाच्या जागी त्याची किंमत भर'. असा लूप मी टर्मिनलवर सरळ हाताने, सात नावं लिहून, शंभरदा चालवला होता. कधी अडला नाही. मेकफाइलीत घातला, मेक म्हटलं आणि स्क्रीनवर आलं की han.c नावाची फाइल सापडत नाही. एकदा नाही, सात वेळा. अगदी एकाखाली एक.

संत्रा नाही, बोर नाही. han!

"अवं, मशीनच म्हनून राह्यली हान म्हनून," ठवकर मागून वाकून म्हणाला. "हान एखादी थापड त्याले."

मला हसायला वेळ नव्हता. लूप सात वेळा फिरतोय, म्हणजे यादी त्याला बरोबर मिळाली. मग नाव कुठे जातंय? आणि khan मधला पहिला k कोण खातंय? मी नाव बदलून phal केलं. आता hal.c सापडत नाही, सात वेळा. हातानं टाइप केलं की चालतं, मेकफाइलीत घातलं की पहिलं अक्षर गायब. मी कंस बदलले, स्पेस बदलली, टॅब मोजले, ओळी जोडून पाहिल्या, तोडून पाहिल्या. बारा वाजले. साडेबारा झाले. मॅन्युअल मुंबईला. आमच्याकडे त्याच्या झेरॉक्स प्रती होत्या, त्यातली नेमकी हीच पानं काळी निघालेली. मुंबईला ट्रंक कॉल लावून ठेवला होता, तो काही लागत नव्हता.

"सात वेळा लिहून टाक ना वं पहिल्यासारखं," ठवकर म्हणाला. "या वेळी मी तपासतो बसून. पेरू-चिंच करत नाही आपण."

"तेच पाहाले येऊन राह्यले ना ते. सात वेळा दिसलं की संपलं."

ठवकरलाही मुंबईला जायचं नव्हतंच. त्याची तर नुकती साखरपुड्याची तारीख ठरली होती.

एक वाजता खालची आरा मशीन बंद पडली. जेवणाची सुटी, रोजचीच, अडीचपर्यंत. गिरणगावात भोंगा वाजावा तशी लकडगंजात एक वाजता शांतता व्हायची. मी डबा उघडला नाही. ठवकरने त्याचा उघडला आणि तो माझ्या बाजूला ठेवून माझ्याकडे न बघता खाऊ लागला. मी टेबलावर डोकं ठेवून डोळे मिटले. खरं सांगते, रडायच्या बेतात होते. मनात एकच होतं की उद्यापासून बाबांना भरवताना सांगायला माझ्याकडे काही नसेल. कारण रोज भरवताना मी त्यांना दिवसभराचं काम सांगायची, समजो न समजो.

मी तशी पडले असताना स्टॅबिलायझर वाजायला लागला.

सांगितलं ना, तो आम्हाला ऐकू येणं बंद झालं होतं. मला आवाज आला म्हणून मी दचकले नाही. आवाज कळला म्हणून दचकले. टक — टॉक. टक-टॉक. टक-टॉक. एक लांब, दोन आखूड. D. मग तीन लांब, आणि त्यातला तिसरा... तिसरा जरा जास्तच लांब.

माझ्या हाताशी एक प्रिंटआउट होता. लहानपणी लागलेली सवय — आवाज आला की पेन्सिल आपोआप चालते. मी डोकं उचललंसुद्धा नव्हतं. D. O. N. D. A. मग थोडं थांबून पुन्हा D, O, N, D, A. तिसऱ्यांदाही तेच. तिसऱ्या O ला मी उठून उभी राहिले.

"काय झालं वं?" ठवकर घास हातात धरून म्हणाला.

"त्या स्टॅबिलायझरचा काटा पाह्य. हालून राह्यला का?"

तो उठला, काचेला नाक लावून पाहिलं. "नाही वं... दोनशे तीसवर गप पडला हाये. मंग हा वाजून काहून राह्यला?"

मी कागद पाहिला. दोनदा. माझ्याच अक्षरात, इंग्रजी लिपीत, तीन वेळा 'दोनदा'.

आता ही रीत ऐका. नागपूरहून आतल्या एका लहान स्टेशनला तार सरळ जायची नाही. मधल्या स्टेशनावर एक बाबू बसायचा, तो घ्यायचा आणि पुढे पाठवायचा. तारेत काही खुणा त्या मधल्या बाबूसाठीच असायच्या. हे आधी पाठव, हे थांबव, असल्या. त्या तो वाचायचा, त्याप्रमाणे करायचा आणि पुढे पाठवताना गाळून टाकायचा. पंचाईत व्हायची ती तीच खूण शेवटच्या माणसापर्यंत जायला हवी असली की. मधला बाबू ती आपलीच समजून खाऊन टाकायचा. मग बाबा आणि त्यांच्या लाइनवरच्या मंडळींनी आपसात ठरवून टाकलं होतं. खूण एकदा आली तर ती तुझी. दोनदा आली तर एक तू ठेव आणि एक पुढे जाऊ दे. कुठल्या पुस्तकात हे नव्हतं. बाबांनी मला ते वाटी-चमच्याच्या दिवसांत कधीतरी सांगितलं होतं आणि मी पार विसरले होते.

मधात कोण बसते? मेक बसतो! मी लिहिते, शेल करतो, आणि मध्ये मेक बसलाय. डॉलर दिसला की तो त्याला आपलाच समजतो. कंस असेल तर पूर्ण नाव घेतो, म्हणून KHANI बरोबर उघडलं, ती यादी त्याचीच होती. पण कंस नसेल तर तो डॉलरच्या पुढचं एकच अक्षर धरतो. $khan मधला त्याने $k घेतला, k नावाचं त्याच्याकडे काही नाही, म्हणून तिथे रिकामं ठेवलं आणि उरलेलं han शेलला दिलं. शेल बिचारा सात वेळा han शोधत फिरला. लूप शेलचा, khan शेलचा, आणि ती खूण शेलपर्यंत पोचतच नव्हती.

मी घाईघाईने सगळ्याच डॉलरपुढे आणखी एकेक डॉलर घातला. मेक म्हटलं. तर शेल भलतंच बरळला.

"सगळेच काहून केले?" ठवकर म्हणाला. मी त्याला रीत सांगता सांगताच हे सगळं करत होते. "यादी त्या मधल्याचीच हाये ना. ती त्याले एकदाच पाठव."

शाबास रे ठवकर. यादीपुढे एक डॉलर, khan पुढे दोन. मेक म्हटलं. संत्रा. बोर. पेरू. चिंच. आवळा. कवठ. जांभूळ. एका ओळीतून सात प्रोग्राम उभे राहिले आणि आम्ही दोघं येड्यासारखे त्या स्क्रीनकडे पाहत बसलो. स्टॅबिलायझर तेव्हा गप्प होता. कधी थांबला ते दोघांच्याही लक्षात आलं नाही. घड्याळात दीड वाजायचा होता.

तीनला साहेब आले. बसले, ती एक ओळ वाचली आणि पहिलं विचारलं ते हे की, "उद्या आठवी खाण आली तर?"

मी वरच्या यादीत रामफळ लिहिलं, जुन्याच एका प्रोग्रामची प्रत त्या नावाने ठेवली आणि मेक म्हटलं. आठ झाले. खालच्या ओळीला हातही लावला नाही. साहेबांनी पुन्हा चष्मा काढून पुसला. मग बोट ठेवून म्हणाले, "हे दोन डॉलर. आमच्याकडच्या मुलांनी यात दोन दिवस घालवले होते. तुम्ही कुठे वाचलंत?"

"वाचलं नाही सर. वडिलांनी सांगितलं."

"वडील कंप्युटरमध्ये आहेत?"

"तार ऑफिसात होते."

ते हसले, त्यांना तो विनोद वाटला. पण जाताना ठवकरच्या देखत म्हणाले की नागपूरचं काम नागपुरातच राहील, आणि मुंबईच्या दोन मुलांना मेकफाइली कशा लिहायच्या ते शिकायला इकडे पाठवतो. इकडे! लकडगंजला, वखारीवर! मी त्या संध्याकाळी सायकल चालवत नव्हते, मी मिरवणुकीत होते.

सक्करदऱ्याला पोचले तेव्हा साडेसहा वाजले होते, चांगला उजेड होता अजून. आई दारातच उभी.

"उषे, तुह्या बाबाचा हात पाह्य बरं आधी. डॉक्टर येऊन गेले."

मी तशीच आत गेले. बाबा लोखंडी खाटेवर होते तसेच, डोळे छताकडे. आणि त्यांचा उजवा हात — पाच महिने जो आम्ही उशीसारखा इकडून तिकडे ठेवत होतो, तो — त्याचं एक बोट हलत होतं. वर, खाली. वर, खाली. खाली आईने टॉवेलची घडी ठेवलेली.

"दुपारी पेज पाजली अन् भांडं ठेवाले गेली तं खाटीवर टकटक ऐकू आली," आई सांगत होती. "एक वाजला असंन. तवापासून थांबूनच नाही राह्यले. बोट लाल झालं लोखंडावर, म्हणून टावेल घातला म्या. डॉक्टर म्हणे हे आपोआप होते, याले काई अर्थ नाही. मले काय समजते त्याच्यातलं?"

एकतीस वर्षं तारबाबूची बायको होती, पण ते ती कधी शिकली नव्हती. टॉवेलवर आवाज येत नव्हता. मी खाली बसून बोटाकडे पाहिलं आणि वाचलं. दाबून ठेवलं की डॅश, उचललं की सुटलं. D. O, तिसरा लांब. N. D. A. मग थांबून पुन्हा पहिल्यापासून.

साडेपाच तास.

हे मी सकाळी त्यांना सांगितलेलं नव्हतं, हे नीट लक्षात घ्या. सकाळी मी निघाले तेव्हा ती ओळ लिहिलेलीच नव्हती. han हा शब्द मी स्वतः पहिल्यांदा पाहिला तो अकरानंतर, लकडगंजात. घरी फोन नव्हता. ठवकर दिवसभर माझ्यासमोर होता.

"बाबा, झालं ते," मी म्हणाले. "बरोबर झालं. दोनदाच पाहिजे होतं." डोळे छतावरून हलले नाहीत. बोट चालूच. मी त्यांचा हात दाबून धरला, तर तो माझ्या हातात चालू राहिला. आई रडायला लागली. मीही. आणि मग मला माझ्याच मूर्खपणाची लाज वाटली. तारवाला पाठवतो तेव्हा समोरून पावती आल्याशिवाय तो चावी, म्हणजे तार पाठवायचं बटण, सोडत नाही. निरोप मिळाला का, हे त्याला दुसरं कोण सांगणार? समोरच्याने R पाठवायचा, मिळालं म्हणून. मी दुपारी कागदावर लिहून घेतलं, धावत टर्मिनलवर गेले आणि पावती दिलीच नाही. स्टॅबिलायझरला पावती कोण देतं?

मी त्यांचा तळहात उघडला आणि माझ्या बोटाने त्यावर दिला. आखूड, लांब, आखूड.

बोट थांबलं.

अर्ध्यावर नाही थांबलं. चालू असलेला A पुरा केला आणि मग थांबलं. हात सैल पडला, आणि बाबांनी मान वळवली नाही, पण डोळे वळवले. माझ्याकडे. बराच वेळ. वाटी ठेवून उठायचे ना, तेव्हा शेवटी एकदा बघायचे, तसं.

बाबा त्यानंतर दीड वर्षं होते. तो हात पुन्हा कधी हलला नाही, नखभरही नाही. डॉक्टरांनी त्यांच्या परीने समजावलं. ओळखीच्या एका इंजिनियरने स्टॅबिलायझरचा रिले, म्हणजे कट्ट वाजणारा आतला स्विच, कसा चिकटतो ते चित्र काढून दाखवलं. ठवकर आता आजोबा झालाय, तो अजून शपथेवर सांगतो की काटा हलला नव्हता, पण मॉर्स त्याला येत नव्हतं, म्हणजे तो शब्द ऐकणारी मी एकटीच. माझा मुलगा म्हणतो, तुला ती रीत माहीतच होती, डोक्यात कुठेतरी होती, तीच वर आली. असेल. स्टॅबिलायझरपुरतं मी ते मान्यही करते. पण मग एक वाजता लोखंडी खाटेवर ते बोट कोणाच्या डोक्यातून हललं?

मला ठाऊक नाही. तुम्हाला ठाऊक असेल तर जरूर लिहा, फक्त उंदीर म्हणू नका. मी पुढे तीस वर्षं हेच काम केलं, शेकडो मुलामुलींना मेकफाइल शिकवली. दोन डॉलर आले की प्रत्येक बॅचमध्ये कोणीतरी विचारतंच, मॅडम, दोन कशाला? मी त्यांना मधल्या बाबूची रीत सांगते आणि ती कोणाची म्हणून विचारलं तर बाबांचं पूर्ण नाव सांगते, हुद्द्यासकट. त्यांनी आयुष्यात हजारो तारा दिल्या. शेवटची मला दिली, आणि मी ती एका अक्षराचीही चूक न करता घेतली.